पायाळू सून आणि सातवीचं विज्ञान

माझी सून पायाळू आहे. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. अशा माणसावर वीज पडते असं आमच्याकडे मानतात. लग्न ठरताना तिच्या बापानं हे लपवलं नाही. मी म्हटलं, पडली तर बघू. तो हसला. मी काही गंमत करत नव्हते. मला खरंच त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यावर मी कधी विचारच केला नव्हता.

विचार करायची वेळ मागच्याच्या मागच्या रोवण्यात आली.

आमचं गाव सिंदेवाही आणि ब्रह्मपुरीच्या मधे आहे. इथे धान पिकतं. पावसाळ्यात धानाची रोपं उपटायची आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, वाकून लावायची, तो रोवणा. हे काम बायांच्या टोळ्या करतात. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या. जे घर टोळीत नाही त्याचा रोवणा मागे पडतो आणि उशिरा लावलेल्या धानात दाणा भरत नाही. म्हणून टोळीत असणं ही हौस नसते. आमच्या टोळीची पुढारी माझी धाकटी जाऊ. तिचा आवाज मोठा आहे आणि हात भराभर चालतो. पुढारी व्हायला एवढं पुरतं.

त्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतावर निघाले होते. वाटेत आभाळ काळं झालं म्हणून शाळेत शिरले. शाळेच्या खिडकीतून आमची बांधी दिसते. बाया धावत धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली गेल्या. सूनही धावली. तिला कोणीतरी हात करून हाकललं. काय बोलल्या ते मला नंतर कळलं. "तू नोको येऊ व इथी, तू तिकडं जाय." ती तशीच माघारी फिरली आणि दुसऱ्या धुऱ्यापाशी जाऊन उकिडवी बसली. पावसात एकटी.

वीज मोहावर पडली. झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. झाडाला बांधलेली हेल्यांची जोडी, म्हणजे नांगराचे रेडे, जागच्या जागी मेले. बाया आडव्या झाल्या, पण सगळ्या उठल्या. एकीला त्या दिवसापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. सुनेला काहीच झालं नाही.

संध्याकाळी आमच्या अंगणात बाया जमल्या.

"वीज हिलेच धुंडत आली होती," जाऊ म्हणाली. "हे झाडाखाली नाई भेटली, म्हणून आमच्यावर पडली."

"अन् हे झाडाखाली असती तं?" मी विचारलं.

"तं आमच्यासकट हिले घेऊन गेली असती."

"मंजे उभी कुठीही राह्यली तरी हिचाच दोष."

"बाई, मी दोष नाई देऊन राह्यली. मी जे झालं ते सांगून राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून टोळी सुनेला सोडून जाऊ लागली. भांडण कोणी केलं नाही. तिला हाक मारणं बंद झालं, एवढंच.

सुनेनं हे मनावर घेतलं. आभाळ भरलं की ती माजघरात जाऊन लाकडी पाटावर पाय वर घेऊन बसायची. माहेरी तिला तसंच बसवत. माझा मुलगा चंद्रपूरकडे कोळशाच्या गाडीवर असतो, पंधरा-वीस दिवसांनी घरी येतो. ती त्याला फोनवर म्हणाली, तिथेच खोली पाहा, मी येते. मला म्हणाली, "आत्याबाई, तिथी शेत नाई. आभाळ आलं तरी डोक्यावर छप्पर राहीन."

"जा," मी म्हटलं. "पण हे खरं आहे का ते आधी सांग."

"सगळे तसंच म्हणतेत."

"सगळ्यांले कोणं सांगतलं?"

शेवटी असं ठरलं की पुढचा रोवणा येईपर्यंत तिनं थांबायचं. तेव्हाही टोळीनं बोलावलं नाही तर ती जाईल आणि शेत ठेक्यानं देऊन टाकू. माझा नवरा नाही, आणि माझ्यानं एकटीनं शेत होत नाही. मला ती घरात हवी होती, ती काही लाडाची म्हणून नव्हे. ती गेली तर माझं शेत जातं आणि मी रिकाम्या घरात बसते.

मी चौथी शिकलेली. वाचता येतं, पण चष्मा लावून आणि ओठ हलवून. सुनेचा मोबाइल घेतला आणि त्यात तोंडानं विचारलं, पायाळू माणसावर वीज पडते का. एक कपाळभर गंध लावलेला माणूस आला आणि नक्षत्र विचारू लागला. त्याच्यानंतर दुसरा आला, तो म्हणाला चांदीचं कडं घाला. चांदीतून वीज जास्त चांगली जाते हे मला पुढे कळलं. तेव्हा माहीत नव्हतं तरी मी त्याला बंद केलं, कारण तो कडं विकतही होता.

मग प्रश्न बदलला. ढगात वीज कशी तयार होते असं विचारलं. एक तरुण शिक्षिका आली, मागे काळा फळा. आवाज चांगला होता, पण फार भराभर बोलत होती. ती म्हणाली, प्रभार म्हणजे काय ते आपण मागच्या धड्यात पाहिलंच आहे. मी पाहिलं नव्हतं. मागच्या धड्यावर गेले. तिथे ती म्हणाली, हे आपण मागच्या वर्षी शिकलो. असं करत करत मी पाचवीला जाऊन पोचले. बरोबरच होतं. चौथीनंतर जिथे शाळा सोडली तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

सरकारी पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात, पाचवीपासून पुढची सगळी. सुनेनं ती काढून दिली. पण अक्षर मुंगीएवढं. दोन बोटांनी मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जातं. ते ओढून आणावं तर ओळीची सुरुवात पळते. आठ दिवस मी पाचवी-सहावी असं वाचलं आणि माझं डोकं दुखू लागलं. मग बसनं ब्रह्मपुरीला गेले. तिथे एका मुसलमान भावाचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. मी सातवी ते दहावीचं विज्ञान मागितलं.

"चार नाती हैं क्या मावशी? सब एक एक साल छोडके?" त्यानं विचारलं.

"नाती नाई. मलेच पाह्यजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे. "तो फिर गाइड ले जाओ. उसमें सब जवाब लिखे हुए रहते."

"जवाब घेऊन काय करू भाऊ? मले सवालच समजून नाई राह्यला."

तो हसला आणि माळ्यावरून पुस्तकं काढून दिली. सातवीचं पुस्तक कोणा पोराचं होतं. चित्रातल्या सगळ्या माणसांना त्यानं मिशा काढल्या होत्या. वाचायला अडचण आली नाही.

पहिला प्रयोग फसला. पुस्तकात लिहिलं होतं की प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडून चिकटतात. मी घासला. कपटे ढिम्म. सुनेचे केस लांब आहेत, तिच्याही केसांवर घासला. काहीच नाही. मला वाटलं, पुस्तकंही त्या कडं विकणाऱ्यासारखीच. पुस्तक फडताळात ठेवून दिलं. दिवाळीनंतर थंडी पडली. एके सकाळी सून टेरिकॉटचा ब्लाऊज काढताना कडकड आवाज आला आणि तिच्या हातावरचे केस उभे राहिले. तेव्हा मला कोरड्या या शब्दाची आठवण झाली. आम्ही भर पावसाळ्यात कंगवा घासत होतो. हवेत ओल असली की प्रभार टिकत नाही, निघून जातो. पुस्तकात तेही दिलेलं होतं, पुढच्या पानावर. मी पान उलटलंच नव्हतं. पुन्हा कंगवा घेतला. कपटे उडाले. सून पाहत होती. ती म्हणाली, "हे त लहान पोरं करतेत."

"मी नव्हतं केलं."

दुसरी अडचण मोठी होती. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, कारण प्रकाश फार वेगानं धावतो आणि आवाज हळू. हे मी व्हिडिओत ऐकलं. मग मोबाइलवरच्या पुस्तकात आकडे पाहिले. आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. प्रकाशापुढे लिहिलं होतं ३ × १०८. मी गुणाकार केला. तीनशे चोवीस आले. पुन्हा केला, तेवढेच आले. म्हणजे आवाज प्रकाशापेक्षा जोरात धावतो. मग गडगडाट आधी ऐकू यायला हवा आणि वीज नंतर दिसायला हवी. हे तर मी जन्मभर पाहिलेल्याच्या उलट झालं. मी कितीतरी दिवस यावर अडले. मला वाटायचं, पुस्तक लिहिणाऱ्याला गुणाकार येत नाही. सून बारावीपर्यंत शिकलेली, पण कला शाखेची. तिनंही गुणाकार केला आणि तीनशे चोवीसच सांगितले. शेवटी त्या शिक्षिकेनं फळ्यावर लिहिताना आठचा आकडा वर, दहाच्या खांद्यावर, बारीक लिहिला आणि म्हणाली, दहाचा आठवा घात. म्हणजे एकावर आठ शून्यं. मोबाइलवरच्या पानात तो आठ खाली घसरून दहाला चिकटला होता. तीस कोटी मीटर आणि तीनशे चोवीस मीटर, यातला फरक त्या एका आकड्याच्या जागेचा होता. मी चौथीपर्यंत गणितात हुशार होते. घात आमच्या शाळेत शिकवला नव्हता.

ते कळल्यावर मी तलावावर जाऊन बसले. पलीकडच्या काठावर बाया कपडे धूत होत्या. मोगरीचा हात खाली येतो, दगडावर आपटतो आणि आवाज मात्र हात पुन्हा वर गेल्यावर येतो. या तलावावर मी लग्न झाल्यापासून कपडे धुते आहे. रोज समोर दिसत होतं. आवाजाला तलाव ओलांडायला वेळ लागतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

हिवाळा आणि उन्हाळा याच्यात गेला. दुपारी कामं झाली की मी पुस्तक घेऊन बसायचे. न कळलेलं शिक्षिकेकडून ऐकायचे, मग पुन्हा पुस्तक. नववी-दहावीतलं बरंचसं डोक्यावरून गेलं. तरी विजेपुरतं मी पकडून ठेवलं. ढगात फार उंचावर बर्फाचे कण असतात. इथे मे महिन्यात जमीन भाजते आणि वर बर्फ असतो, हे मला पटायला वेळ लागला. पण गारा तर तिथूनच पडतात. ते कण एकमेकांना घासतात, कंगव्यासारखे. ढगाच्या खालच्या अंगाला एका तऱ्हेचा प्रभार जमतो आणि खालच्या जमिनीत दुसऱ्या तऱ्हेचा खेचला जातो. फार जमला की मधली हवा फोडून तो खाली येतो आणि उंच, एकटं, टोकदार काही असेल तर तिथून सोपी वाट धरतो. मोकळ्या बांधीत सगळ्यात उंच आमचा मोह. मोह नसता तर उभं राहिलेलं माणूस.

पायाळूबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. सातवीत नाही, दहावीत नाही, मोबाइलवरच्या अकरावीतही नाही. पण पुस्तकात नाही एवढ्यानं ते खोटं ठरत नाही. पुस्तकात माझी सूनही नाही. म्हणून मी ते दुसऱ्या बाजूनं धरून पाहिलं. विजेला काय कळतं? उंची, ओल, धातू, कुठून जाणं सोपं आणि कुठून अवघड. पाय आधी आलेल्या माणसाच्या अंगात पाणी आणि मीठ वेगळं असतं का? नाही. तो उंच असतो का? माझी सून टोळीत सगळ्यात ठेंगणी आहे.

मी हे तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मंग हेलेच काऊन मेले? बाया त्याच झाडाखाली होत्या. त्या काऊन नाई मेल्या?"

मी पुन्हा पुस्तकं काढली. एक महिना गेला. या वेळी शोधायचं काम तिनंच जास्त केलं. आभाळ आलं की पाटावर बसून तेच पाहायची. शेवटी एका हिंदी व्हिडिओत सापडलं. वीज झाडात पडली की मुळापासून जमिनीत चहूकडे पसरते आणि लांब जाता जाता कमी होत जाते. जनावराचे पुढचे पाय झाडाजवळ, मागचे लांब. दोन्हीकडच्या जोरात फरक पडतो आणि त्या फरकानं वीज एका पायातून चढते, पोटातून, काळजातून जाते आणि दुसऱ्या पायातून उतरते. पायांत जेवढं अंतर जास्त तेवढा धोका जास्त. बाया दाटीवाटीनं पाय जवळ घेऊन उभ्या होत्या, म्हणून वाचल्या. तरी ते नशीबच. झाडातून उडी मारून ती अंगावरही येते.

"मंजे पायाचा संबंध हायेच," सून म्हणाली.

"उभं कसं राहते त्याचा हाय. जन्म कसा झाला त्याचा नाई."

त्यानंतर ती पाटावर बसेनाशी झाली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा बसली असती.

मागचा रोवणा आला. टोळीनं हाक मारली नाही. मी जावेच्या घरी गेले. ती चूल सारवत होती. मी सगळं सांगितलं, बर्फापासून पायांपर्यंत. ती सारवतच राहिली.

"बाई, तुम्ही चौथी शिकल्या," ती म्हणाली. "मी तिसरी. एका वर्गानं एवढा फरक पडते का?"

"पुस्तकात हाय. दाखवतो."

"पुस्तकात रायते. वीज पुस्तक वाचून पडते का?"

"पायाळू पाहून तरी पडते का?"

"मोहावर पडली का नाई? मी डोळ्यानं पाह्यलं. तुम्ही मोबाइलमधी पाह्यलं."

मी घरी आले. डोळ्यांनी मीही पाहिलं होतं, खिडकीतून. पण एकच गोष्ट दोघींनी पाहिली म्हणून एकच समजते असं नाही.

चार-सहा दिवसांनी भर दुपारी गडगडू लागलं. मी आणि सून दारात उभ्या होतो. टोळी समोर, लांबच्या बांधीत होती. वीज चमकली, आम्ही सेकंद मोजले. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. पहिल्यांदा दूर होती. मग जवळ आली, मग आणखी जवळ. टोळी वाकून लावतच होती. एकही बाई बांधीतून निघाली नाही. मी ओरडले, पण एवढ्या लांब ऐकू जाईना. सुनेनं जावेला फोन लावला, तो धुऱ्यावर पिशवीत वाजत राहिला. आभाळ अंगावरून गेलं. काही पडलं नाही. संध्याकाळी मी जावेला वाटेत गाठलं.

"आज निघाल्या काऊन नाई? पह्यले त पह्यल्या आवाजाले पळत होत्या."

ती सरळ बोलली. "पह्यले पायाळू होती ना संगं. तिच्या धाकानं पळत होतो. आता ते घरी हाय. आता कायचा धाक?"

मी तिथेच थांबले. वर्षभर मी वाचत होते की सुनेमुळे वीज पडत नाही. हे उलटंच निघालं. सून टोळीत होती तोवर या बाया वेळेवर बांधीबाहेर पडत होत्या, आणि तिला काढून त्या आता डोक्यावर आभाळ गडगडत असताना पाण्यात उभ्या राहत होत्या. वर निर्धास्त.

मी हे सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "एखांदी मरन ना, आत्याबाई."

पायाळूबद्दल आमच्याकडे आणखी एक समज आहे. पाठीत उसण भरली तर पायाळूच्या पायाची लाथ घ्यायची, उसण उतरते. गावातल्या अर्ध्या पाठींना सुनेनं लाथा मारल्या आहेत. तिला टोळीतून काढल्यावरही लोक येतच होते, आणि ती मारतही होती. रोवण्यात दिवसभर वाकून जावेची पाठ धरली. ती कमरेवर हात ठेवून, वाकडी होऊन आमच्या दारात आली.

"पोरी, मार व एक. सरळ होता येऊन नाई राह्यलं."

सून दारातून हलली नाही. "नाई मारत, काकीजी."

"काऊन?"

"माह्या पायानं वीज येते म्हंता. मंग पाठीत घेऊन काय करता? तिथीच पडन."

जाऊ माझ्याकडे पाहू लागली. "बाई, पाहा व तुमची सून."

"मलम लाव आणि शेक," मी म्हटलं. "लाथेनं काही होत नाई. ते बी खोटंच हाय."

"तुम्ही चूप राहा," जाऊ म्हणाली, आणि त्याच दमात सूनही म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही थांबा." दोघी एकदम बोलल्या. मी थांबले.

सुनेनं तिला स्पष्ट सांगितलं. उद्यापासून मी टोळीत येईन. मी निघा म्हटलं की सगळ्यांनी निघायचं, हातातली रोपांची पेंढी तिथेच टाकून. मोहाखाली कोणी जायचं नाही, शाळेच्या खोलीत जायचं. शाळा लांब पडत असेल तर लवकर निघायचं. जावेनं उंबऱ्याला धरून थोडा वेळ विचार केला. पाठ दुखत होती, आणि बांध्या तर अजून पुष्कळ राहिल्या होत्या.

"बाया आयकतीन का?"

"तुम्ही सांगा. तुमचं आयकते."

"बरं. मार आता."

जाऊ अंगणात पालथी पडली आणि सुनेनं तिच्या कमरेवर पाय मारला. मला राग आला. वर्षभर शिकून घरात शेवटी लाथच चालली. जाऊ उठून म्हणाली, हलकं वाटते. वाटलं असेल. मी तिला मलमाची डबीही दिली. ती घेऊन गेली.

सून टोळीत गेली. पहिले काही दिवस तिच्या दोन्ही बाजूंना जरा जास्त जागा सुटत होती, असं ती सांगत होती. रोपं दाटीनं लावायची असतात, म्हणून ती जागा आपोआप भरली.

एक दिवस मीही पेंढ्या पोचवायला बांधीत होते. ऊन पडलेलं होतं. आरमोरीच्या बाजूनं, फार लांबून, हलका आवाज आला. सुनेनं कंबर सरळ केली.

"निघा."

"आत्ता त ऊन हाय व," कानानं अधू झालेली बाई म्हणाली.

"गडगडलं."

"मले नाई आयकू आलं."

"तुले त कोणताच नाई आयकू येत," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. ती बाईही हसली.

"किती दूर हाय ते मोजू त द्या," एक म्हणाली. पुढच्या गडगडाटाला दोघींनी मोजलं. एकीचे वीस झाले, दुसरीचे नऊ. त्यावरून त्यांची जुंपली. तू पळत मोजते, तू झोपत मोजते.

"मोजाचंच नाई," सून म्हणाली. "आयकू आला मंजे आपुन तिच्या टप्प्यात हाओ. चाला."

जावेनं हातातली पेंढी चिखलात टाकली. "चाला व बायांनो. पायाळू सांगून राह्यली."

मी म्हटलं, पायाळूचा काही संबंध नाही, हे आवाजाचं आहे. कोणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या चिखलातून पाय काढत शाळेकडे निघाल्या होत्या. मीही निघाले.

शाळेच्या खोलीत ओल्या लुगड्यांचा वास भरला. बाहेर खूप चमकलं, खूप पाऊस पडला. गडगडाट थांबल्यावरही सुनेनं लगेच कोणाला सोडलं नाही, अर्धा तास बसवलं. परत गेलो तर बांधीत, मोहावर, कुठेच काही पडलेलं नव्हतं.

"कुठी पडली?" जाऊ म्हणाली. "टाइम फुकट गेला."

"पडली असती तर बरं झालं असतं का, काकीजी?"

"तसं नाई म्हणून राह्यली मी," जाऊ म्हणाली आणि वाकून पेंढी उचलली.

तिला पटलं का? नाही. टोळीतल्या बहुतेक बायांना अजून वाटतं की सुनेला विजेची आधी खबर लागते, कारण ती तिच्यावरच येणार असते. मी भेटेल तिला सांगते की तसं नाही. त्या हो जी म्हणतात आणि तेच बोलत राहतात. मला ते आवडत नाही. पण त्या रोवण्यात पहिल्या गडगडाटानंतर एकही बाई बांधीत थांबली नाही, आणि मोहाखाली कोणी उभं राहिलं नाही.

त्या आठवड्यात मुलाचा फोन आला. त्यानं कोळशाच्या खाणीच्या बाजूला एक खोली पाहून ठेवली होती, मालक थांबायला तयार नव्हता. सून अंगणात चिखलाचे पाय धूत होती. तिनं फोन खांद्यात धरला.

"नोका घेऊ," ती म्हणाली.

तो काहीतरी विचारत होता.

"रोवणा चालू हाय," ती म्हणाली. "मंग निंदण. मंग कापणी. मले कुठी टाइम हाय?"